पायांत वारं भरलेला पाद्री

आगगाडीसुद्धा या डोंगरांना बिचकून लांबून जायची, त्या काळची गोष्ट. अँग्लिकन पंथाचा एक मराठी पाद्री होता, शलमोन भांबळ. त्याच्या पायांत वारं भरलं होतं, असं म्हणतात. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा दिली, छावणीतलं दगडी चर्च दिलं, राहायला बंगला दिला. पण रविवारची उपासना आटोपली की त्याचा जीव तळमळायला लागे. चर्च बदललं, गाव बदललं, तरी तेच.

"तुम्हाला इथं काय कमी आहे?" बिशपसाहेबांनी विचारलं.

"कमी काही नाही, साहेब. पण कुठंतरी मला उशीर होतोय, असं सारखं वाटतं."

शेवटी साहेबांनी त्याला एक तट्टू दिलं आणि सगळा डोंगरपट्टाच त्याच्याकडे सोपवला. तट्टू थकायचं, पाद्री थकत नसे.

प्लेगच्या साली तो सावरदऱ्याला आला. गाव ओस पडलं होतं, माणसं रानात खोपटी घालून राहिली होती. तो एकेका घरची विचारपूस करू लागला.

"आमची म्हातारी गेली," तुळाजी म्हणाला.

"माती कुणी दिली?"

तुळाजी पाठ फिरवून खोपटाचा कूड नीट करू लागला.

पाद्री तडक गावात शिरला. तुळाजीची आई गेनाबाई बाजेवर पडून होती. काखेत गाठ, ओठ सुकलेले, पण श्वास चालू होता. त्यानं तिला पाणी पाजलं आणि म्हातारीसकट बाज एकट्यानं डोक्यावर घेतली. चौघांचं ओझं ते, पण फुलासारखं हलकं झालं, असं म्हणतात.

खोपटांपाशी लोक आडवे आले. "पाद्रीबाबा, हिला इथं आणू नका. आमची पोरंबाळं आहेत."

"नाही आणत," तो म्हणाला. त्यानं वेशीबाहेरच्या चिंचेखाली बाज टेकवली आणि तिथंच बसला. एका जागी घटकाभर न टिकणारा तो माणूस, म्हातारीची गाठ फुटून ताप उतरेपर्यंत हलला नाही. चिंचेची सावलीही तेवढे दिवस बाजेवरून सरकली नाही, असं म्हणतात.

एका संध्याकाळी तुळाजी येऊन बाजेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याला मान वर करवेना. गेनाबाईनं डोळे उघडले.

"भाकर खाल्लीस का रे?"

तो बाजेचा खूर धरून रडला.

म्हातारी उठून बसली त्या सकाळी पाद्री पुढच्या गावाला निघालासुद्धा. तो कुठं वारला, कुणाला ठाऊक नाही. त्याचं थडगं आपल्याच शिवारात आहे म्हणून तीन गावं भांडतात.

सावरदरा त्या भांडणात पडत नाही. माघात एक दिवस सगळं गाव रानात जेवायला जातं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाजा आधी निघतात, आणि त्या चिंचेखाली टेकल्याशिवाय दुसरं कुणी उंबरा ओलांडत नाही. बाज उचलताना पहिला हात घरच्या थोरल्या मुलानं लावायचा. त्या पहिल्या हाताला तिथं पाद्रीचा हात म्हणतात.