धुऊन पांढरं केलेलं सत्त्व

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा शेळ्या बोलायच्या आणि माणसं त्यांचं ऐकूनही घ्यायची.

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक वैद्य राहत होता. तापावर गुळवेलीचं सत्त्व घ्यावं तर त्याच्याच हातचं, अशी त्याची ख्याती. कडुनिंबावर चढलेली वेल तो तोडून आणी, ठेचून पाण्यात भिजत घाली, मग चोळून गाळून घेई. तळाशी सत्त्व बसलं की वरचं पाणी मोरीत ओतून देई.

त्याचे वडील एवढं करून थांबत. त्यांचं सत्त्व मातकट, आणि असं कडूजहर की रोगी तोंड वाकडं करत. मुलाला ते बघवेना. तो नवं पाणी घालून सत्त्व पुन्हा पुन्हा धुई, पार तांदळाच्या पिठासारखं पांढरं होईपर्यंत. लोक खूश झाले. परगावाहून मागणी येऊ लागली.

आणि मग तापाची साथ आली. सत्त्व देऊनही ताप हटेना. काही माणसं दगावली. वैद्याची मती गुंग झाली. कुणी म्हणालं, वेल भलत्याच झाडावरची असेल. कुणी म्हणालं, अमावास्येला तोडली असेल. त्यानं झाड बदललं, दिवस बदलला, सत्त्व आणखी स्वच्छ धुतलं. गुण आणखीच कमी! जितकी मेहनत जास्त, तितकं अपयश मोठं, हे कोडं त्याला काही केल्या उलगडेना.

अशातच त्याच्या एकुलत्या लेकीला ताप भरला. पोर डोळे उघडेना. वैद्य सत्त्व धुवायला बसला.

तो पाणी ओतायला गेला, तर मोरीशी शेजाऱ्याची शेळी उभी.

"जरा हळू ओता, वैद्यबुवा. सांडतं ना!"

"अगं, कडू आहे ते."

"कडू आहे म्हणून तर पिते. मागे ताप आला तेव्हा मान उचलवत नव्हती मला. तुमच्या या मोरीनं उठवलं."

वैद्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं. त्यानं चिमूटभर सत्त्व जिभेवर ठेवलं. नुसतं पीठ. मग भांड्यातलं ओंजळभर पाणी प्यायला. कडवटपणा पार कानापर्यंत गेला.

तेच पाणी त्यानं लेकीला पाजलं. तिनं तोंड वाकडं केलं.

"शी! बाबा, हे काय?"

"औषध आहे, बाळा."

"मग आधी देत होतात ते काय होतं?"

वैद्यानं उरलेलं पाणी तिच्या ओठांशी धरलं. हळूहळू ताप उतरला आणि पोर वाचली.

मग तो चावडीवर गेला आणि सगळं कबूल केलं. कुणी रागावलं नाही. फक्त एक बाई पुढे आली. तिचा मुलगा त्या साथीत गेला होता.

"माझा लेक आवडीनं खायचा हो तुमचं औषध," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशीही आणखी मागत होता."

घरी येऊन वैद्यानं सगळं पांढरं सत्त्व मोरीत ओतलं. पुढे जन्मभर त्यानं प्रत्येक वेळी सत्त्व वडिलांसारखं एकदाच निथळलं.

तात्पर्य: रोग्याचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून जो औषधातला कडूपणा काढून टाकतो, तो औषधच टाकून देत असतो.