काठावरची भरली घागर

खैरवणे गावाच्या खाली नदी दोन कड्यांच्या मधून वळते, तिथे हाकेचा डोह आहे. पाणी काळं आणि संथ. या डोहावर एक नेम आहे. घागर भरली की तडक उचलायची, काठावर टेकवायची नाही. फिरायला आलेल्या एका बाईने एकदा वाडीतून मागून आणलेली घागर हौसेने भरली, खडकावर नीट ठेवली आणि फोटो काढायला ती मागे सरकली. धुणं धुणाऱ्या बायांचे हात जागच्या जागी थांबले.

"कुणाची ती?" एकीने ओरडून विचारलं. "पाण्यात कोण उतरलंय?"

पाहुण्यांना वाट दाखवणारे गणूतात्या घाईने पुढे झाले. "कुणी नाही गं, पाहुण्यांची आहे," म्हणत त्यांनी घागर आडवी करून पाणी सोडून दिलं. मग सावलीला बसून त्यांनी हकिकत सांगितली.

फार पूर्वी, असं सांगतात, गावात गोजरा नावाची बाई होती. तिची धाकटी जाऊ तान्हं पोर पाळण्यात ठेवून पाण्याला आली आणि परतली नाही. पाय घसरला, असं लोक म्हणाले. पण तिला शोधत पहिली आली होती ती गोजरा. तिने काठावर घागर पाहिली होती, गळ्यापर्यंत भरलेली, शेजारी डोक्यावरची चुंबळ. घसरलेल्या बाईची घागर अशी नीट राहत नाही. गोजराने पाणी ओतलं, घागर घरी नेली आणि घराच्या अब्रूपायी तोंड मिटलं.

तेव्हापासून भर दुपारी डोहातून हाक येते, असं बाया कुजबुजू लागल्या. सगळ्यांना ती ऐकू येत नसे. ज्या बाळंतिणीला येई तिला म्हणे माहेरच्या नावाने येई. सासरी ते नाव कुणी घेत नसे. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं उंबऱ्याबाहेर राहायचं.

पुढे गोजराला सून आली. तांदळात लिहायचं नाव गोजरानेच सांगितलं, भागीरथी. पोरगी हसरी होती, शेण थापतानाही गाणं म्हणायची. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. गावभर गूळ वाटला. जो येई तो पाळण्यात डोकावे. दूध पुरतंय का, टाळू भरली का, नाक कुणावर गेलंय. भागीरथीकडे कुणी बघत नसे.

ती हळूहळू गप्प झाली. ताटातलं तसंच राहू लागलं. पोर रडलं की ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखी बघत बसे. एके दिवशी म्हणाली, "आत्याबाई, मला ह्याच्याजवळ एकटीला ठेवू नका."

"खुळी का काय तू!" गोजरा म्हणाली. "आम्ही नाही का पोरं वाढवली? सगळ्यांनाच होतं असं. शेक घे नीट."

"लाडाची आहे हो तुमची सून," शेजारीण हसली.

त्यानंतर भागीरथीने कुणाला काही सांगितलं नाही.

मग एका दुपारी गोजरा शेतावरून आली तर पोर पाळण्यात किंचाळत होतं. भागीरथी नव्हती. घागरही जागेवर नव्हती. गोजराने पोर शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि ती उतारावरून पळत सुटली.

काठावर घागर होती. भरलेली, नीट ठेवलेली. शेजारी चुंबळ.

भागीरथी छातीभर पाण्यात पाठमोरी उभी होती, कड्याकडे कान लावून.

"भागीरथे! अगं भागीरथे!"

या डोहावर नुसतं खोकलं तरी कडा ते परत देतो. पण ती हाक परत आली नाही, म्हणे. भागीरथीही वळली नाही. ती आणखी एक पाऊल आत गेली.

तेव्हा गोजराला तो आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज ओळखीचा होता. तिच्या धाकट्या जावेचा. बहिणीने बहिणीला बोलवावं तशी ती भागीरथीला बोलवत होती. गोजराने सुनेचं जुनं नाव आठवून पाहिलं. पाठवणीच्या वेळी बापाने ते घेतलं होतं, हिला सांभाळा म्हणून हात जोडले होते. तिने ते नाव लक्षातच ठेवलं नव्हतं.

ती लुगड्यासकट पाण्यात शिरली. "पोरी," ती रडत म्हणाली, "ती तुला काय म्हणून बोलावते गं? तुझं नाव काय?"

भागीरथी थांबली. तिने मान वळवली.

"सोनकी."

"सोनके, काय होतंय तुला? सांग मला. मी मधे बोलणार नाही."

सोनकीने तिथेच, पाण्यात उभं राहून सांगितलं. डोळ्याला डोळा लागत नाही. पोराला बघून माया येत नाही, भीती वाटते. मी नसले तर त्याचं बरं होईल असं वाटतं. गोजराने तिच्या तोंडावर हात ठेवला नाही. मनगट तेवढं घट्ट धरून ठेवलं.

ऊन कड्यावरून उतरलं तेव्हा दोघी काठाला लागल्या. इतक्यात मागून हाक आली, "तुळसा." गोजराचं माहेरचं नाव. हयात माणसांपैकी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गोजरा मागे वळणार तोच सोनकीने तिचा हात ओढला; हाक तिनेही ऐकली होती. "तुळसाआत्या, वर चला."

सोनकी लगेच बरी झाली, असं कुणी सांगत नाही. बरेच महिने गेले. शेजारणींनी पाळ्या लावून पोर सांभाळलं, तिला झोपू दिलं, तिच्यापाशी बसून राहिल्या. आणि गोजराने पाणवठ्यावर सगळ्या बायांसमोर जावेच्या घागरीची गोष्ट एकदाची सांगून टाकली.

तात्या थांबले. घागर भरणाऱ्या पाहुण्या बाईने हळूच विचारलं, "अजून येते का हो हाक?"

उत्तर धुणं पिळणाऱ्या बाईने दिलं. "येते की. म्हणून तर आम्ही आधी हाक मारतो."

आजही खैरवण्यात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी बाया बाळंतिणीला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतात, तुला कसं वाटतंय ते विचारतात, आणि ती बोलेपर्यंत पाळण्याची दोरी कुणी हातात घेत नाही. आजही डोहाच्या काठावर भरली घागर नीट ठेवलेली दिसली, की हातातलं टाकून सगळ्याजणी माहेरची नावं घेत पाण्याकडे धावतात.