बिनदाराच्या नगरातली कमान

एका राज्यात दार नव्हते. तट होता, बुरूज होते, महाल होते. पण आत जायला किंवा बाहेर यायला दार म्हणून कुठेच नव्हते. माणसे शिड्या लावून भिंती चढत. नवऱ्या मुली टोपलीत बसून सासरी उतरत. राजासुद्धा दोर धरून खिडकीवाटे आपल्या महालात शिरे. दार केले की त्यावरची कमान कोसळे, तुळई टाकली तर तुळई मोडे. आजोबांच्या काळापासून हे असेच चालले होते आणि तिथल्या लोकांना त्याचे नवल उरले नव्हते.

त्या राजाने दवंडी पिटवली, की जो कारागीर नगराला दार करून देईल त्याला मागेल ते मिळेल. दवंडी फिरत फिरत डोंगरांपलीकडच्या एका गावी पोचली. तिथे तुळाजी नावाचा गवंडी राहत होता. ज्यांना घरे बांधायची होती त्यांची बांधून झाली होती, आणि पक्के काम केल्यामुळे डागडुजीलाही कोणी बोलवत नव्हते. हाताला काम नाही म्हणून तो आपल्याच घराच्या दाराला कमान बांधत बसला होता. माथ्यावरचा शेवटचा, कळीचा दगड बसला, आणि त्याच दिवशी परमुलखी निघालेला तांडा गावात आला. पुढचा तांडा कधी येईल हे कोणी सांगू शकत नव्हते.

कमान बांधताना तिच्याखाली लाकडाचा आधार उभा करतात, त्याला कालबूत म्हणतात. चुन्याने दगड धरले की खालच्या पाचरी एकेक ठोकून सैल करायच्या आणि कालबूत काढून घ्यायचे. त्या गावची रीत अशी, की ज्याने कळीचा दगड बसवला त्यानेच खाली उभे राहून ते काढावे, शेवटची पाचर तेवढी घरधन्याने; तिसऱ्या कोणी हात लावू नये. तुळाजीचे कालबूत सावरीच्या हलक्या लाकडाचे होते. ते एक पावसाळा काढील, दुसरा काढणार नाही, हे त्याला कळत होते. त्याची बायको येसू रोज त्याखालून वाकून जाणार होती.

येसूने घरच्या विहिरीच्या पाण्याने तुंबा भरून दिला आणि उंबऱ्याजवळची चिमूटभर माती त्याच्या उपरण्याच्या टोकाला बांधली.

“दुसऱ्या पावसाआधी या,” ती म्हणाली. “नाहीतर तुमची कमान माझ्या डोक्यावर येईल, आणि मग सगळा गाव म्हणेल, गवंडी कच्चा होता.”

तुळाजी तांड्याबरोबर चालत राहिला. तुंब्यातला शेवटचा घोट त्याने परतीच्या वाटेसाठी राखून ठेवला. एक पावसाळा वाटेतच सरला, आणि एके दुपारी त्याला ते नगर दिसले. पांढरा तट आभाळाला टेकला होता आणि त्याला कुठे फट नव्हती. एवढे काम माणसाच्या हातून झाले असेल यावर त्याचा विश्वास बसेना. तो मान वर करून कितीतरी वेळ नुसता पाहत राहिला.

वरून पहारेकऱ्याने विचारले, “काय येतं?”

“दगड बसवता येतो.”

टोपली खाली आली. आत पोचल्यावर तुळाजीने विचारले, की बाहेर जायचे कसे. पहारेकरी टोपली गुंडाळून ठेवत म्हणाला, की शिड्या आणि टोपल्या नगरच्या लोकांसाठी आहेत. कारागिराने दारातून जावे, दार झाले की.

आत परमुलखांतून आलेल्या कारागिरांची एक आळीच होती. तिथे सिद्राम नावाचा म्हातारा सुतार भेटला. दाराची सगळी कालबुते तोच करी. तुळाजीने त्याला त्याचे गाव विचारले.

“चांगलंच असणार,” सिद्राम म्हणाला. “मी तिथला आहे ना.”

मग त्याने सांगितले, की राजाच्या खजिन्यात शापाचे सोने आहे. ज्याने ते हातात घेतले त्याला आपल्या गावाचे नाव आठवत नाही. त्याने ते घेतले होते.

राजाने तुळाजीला समोर बोलावले. राजा वयाने लहान होता आणि मृदू बोलत होता. तो म्हणाला, “तीन गोष्टी इथे कोणाला साधल्या नाहीत. चुना विरत नाही. भिंत ओळंब्यात राहत नाही. कमान टिकत नाही. या तिन्ही करशील?”

“करून पाहीन, महाराज.”

तुळाजीने चुनकळी भट्टीतून काढून हौदात टाकली आणि वर पाणी ओतले. एरवी चुनकळी पाणी पिताच उसळते, फुटते, धूर सोडते. इथे ती पाण्यात गोट्यांसारखी पडून राहिली. हौदाजवळ वडाचे झाड होते. त्यावर धनेश पक्षी बसला होता, मोठ्या चोचीचा. तो बोलला.

“या चुन्याला इथलं पाणी नको. ज्याची घरी कोणी वाट पाहत आहे, त्याच्या घरचं पाणी हवं.”

“तुला कसं माहीत?”

“मला भिंतींचं कळतं. आमच्यात मादी ढोलीत बसते आणि दार लिंपून घेते. नर बाहेरून चारा आणतो. तुमच्यात उलटं दिसतं. लिंपून बसलेला तूच.”

तुळाजीने तुंबा हातात धरला. परतीसाठी राखलेला घोट होता तो. त्याने डोळे मिटले आणि तो हौदात रिकामा केला. हौद गर्जला. चुनकळी फुलासारखी उमलली, पांढरी वाफ तटाच्या वर गेली, आणि ज्यांनी जन्मात चुना विरताना पाहिला नव्हता ती माणसे हात जोडून उभी राहिली.

मग भिंती उभ्या करायच्या होत्या. तुळाजीने ओळंबा सोडला. दोरी सरळ लोंबेना. पितळेचा गोळा खजिन्याच्या दिशेने ओढला जाऊन हवेत तिरका थांबला. त्याने लोखंडाचा गोळा बांधला, शिशाचा बांधला. तेही तिकडेच ओढले गेले.

“धातू सोन्याकडे बघतो,” वडावरून धनेश म्हणाला. “मातीला सोन्याचं काय?”

तुळाजीने उपरण्याची गाठ सोडली. उंबऱ्याची माती चुन्याच्या निवळीत मळून तिची गोळी केली, वाळवली आणि दोरीला बांधली. ती सरळ खाली उतरली आणि निश्चल राहिली. दाराच्या दोन्ही भिंती तिच्या धाकात चढल्या. सिद्रामने सागाचे कालबूत जोडले, त्यावर कमानीचे दगड आले, आणि शेवटी कळीचा दगड बसला. आता चुना धरेपर्यंत थांबणे आले.

त्या दिवसांत राजाने सोन्याचे ताट पाठवले. निरोप असा होता, की तुझ्यासारखा कारागीर या राज्यातून जाऊ नये, हे घे आणि सुखाने राहा. तुळाजीने ताटाला हात लावला नाही. दूर आभाळ भरून येत होते. आपल्या घरी सावरीचे लाकूड आता कसे झाले असेल, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने धनेशाला विचारले, की तिसऱ्या गोष्टीचे काय. धनेशाने चोच उघडली आणि तशीच मिटली. ते सांगायला त्याला वाचा नव्हती.

कालबूत काढायचा दिवस आला. नगर दूर उभे राहिले. राजा सज्जात बसला. चार हत्तींना साखळदंड बांधले होते, कारण तिथली पद्धत अशी, की कालबूत हत्तींनी लांबून एका हिसक्यात ओढून काढायचे. कोसळले तर अंगावर नको.

तुळाजीने साखळदंड सोडवले. तो कमानीखाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “महाराज, खाली या.”

राजा सज्जातून उठला. “का?”

“आमच्याकडे गवंडी आणि घरधनी दोघेही कमानीखाली उभे राहतात. मी पाचरी ठोकतो. शेवटची पाचर घरधन्याच्या हाताने निघते.”

“माझ्या आजोबांनी असं कधी केलं नाही.”

“म्हणून तर सांगतो.”

राजाचा चेहरा उतरला. बऱ्याच वेळाने तो दोर धरून खाली आला आणि दगडांखाली तुळाजीशेजारी उभा राहिला. तुळाजीने पहिली पाचर सैल केली. कमान कुरकुरली. दुसरी सैल केली. चुन्याचा भुगा राजाच्या मुकुटावर पडला; राजाने डोळे मिटले, पण पाय हलवले नाहीत. एकेक पाचर निघाली आणि दगड एकमेकांवर सावकाश रेलत गेले. शेवटच्या पाचरीवर राजाने हातोडा मारला. ती हलली नाही. पुन्हा मारला. कळीच्या दगडाजवळ केसाएवढी चीर पडली.

तुळाजी हलक्या आवाजात म्हणाला, “रीतीतलं एक राहिलं, महाराज. पाचर काढण्याआधी घरधनी कारागिराला घरी जायला सांगतो.”

राजाने वर दगडांकडे पाहिले, मग तुळाजीकडे. असा कारागीर त्याला पुन्हा मिळणार नव्हता.

“तुळाजी,” तो म्हणाला, “काम संपलं. सुखाने घरी जा.”

पाचर आपण होऊन गळून पडली. कालबूत खाली बसले. चीर मिटली, आणि कमान आभाळासारखी आपल्याच बळावर उभी राहिली.

वडावरून धनेश उतरला आणि चालत कमानीखाली आला. पलीकडे पोचला तो पक्षी म्हणून नव्हे. चुन्याने हात पांढरे झालेला एक वृद्ध तिथे उभा होता. हे सारे नगर त्यानेच मंत्राने आणि थापीने बांधले होते. राजाच्या आजोबांनी त्याला सोने दिले, पण घरी जायची आज्ञा दिली नाही. त्याने रागाने नगराच्या दारांना आणि त्या सोन्याला शाप दिला, आणि तो शाप त्यालाही लागला. उडायला पंख होते, पण तट ओलांडता येत नव्हता.

“आजोबांपेक्षा नातू बरा निघाला,” तो म्हणाला, आणि मागे न पाहता वाटेला लागला.

त्याच घटकेला खजिन्यातले सोने खडी झाले. राजाने ती खडी दारापासून पुढच्या रस्त्यावर पसरायला सांगितली. सिद्राम मध्येच थबकला, एका गावाचे नाव मोठ्याने बोलला आणि तिथेच मटकन बसला.

“चांगलंच होतं,” तो म्हणाला.

तुळाजीला राजाने विचारले, काय हवे. त्याने सर्वांत वेगवान घोडा मागितला.

गावाच्या वेशीशी त्याच्या अंगावर पावसाचे थेंब पडले. घराचे दार दिसले आणि तो घोड्यावरून उतरला. कालबुताला वाळवी लागली होती. अर्धे लाकूड भुगा झाले होते, आणि जिथे जिथे ते खचले होते तिथे येसूने मुसळ, नांगराचा दांडा, पाळण्याची दांडी असे जे हाती लागेल ते पाचरी मारून उभे केले होते. तिने कालबूत काढले नव्हते, फक्त आधार दिला होता.

ती दारात आली. तुळाजीने घाईघाईत सगळी हकीकत सांगितली आणि हातोडा उचलला.

“बाजूला हो,” तो म्हणाला.

येसू हलली नाही. ती कमानीखाली त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. “परमुलखीच्या राजाला शेजारी उभं केलंत. या घराची धनीण कोण आहे?”

तुळाजीने एकेक पाचर काढली. शेवटची उरली तेव्हा हातोडा येसूच्या हातात दिला आणि तो थांबला. काय म्हणायचे ते तिला ठाऊक होते, पण या कारागिराला घरी जा म्हणून कसे सांगावे, तो तर घरीच उभा होता.

“काम संपलं,” ती म्हणाली. “आत या.”

पाचर निघाली आणि कमान उभी राहिली. ती अजून उभी आहे. ज्यांची ज्यांची माणसे दूर मुलखी दारे बांधायला गेली आहेत, त्यांच्या त्यांच्या घरचा आधार ती परतेपर्यंत टिको.