वाटाड्याच्या मागची जागा

“...आणि तुमच्या मागोमाग पहिला मीच चालणार, हे ठरले ना?”

निवृत्त मुख्याध्यापक मार्तंडराव घैसास यांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा चिद्घनबाबा वहाणेचा तुटलेला अंगठा शिवत होते.

कुटीमागे प्रचंड ज्वालामुखी पर्वत उभा होता. माथ्यावर बर्फ, आणि बर्फातून निघणारी धुराची बारीक रेघ. वर्षातून एकदा बाबा स्वतः वाटाड्या होऊन साधकांना विवराच्या काठापर्यंत नेत. उद्या सकाळी निघायचे होते.

“ठरले,” बाबा म्हणाले. “पहिली जागा तुमचीच.”

मार्तंडरावांनी उपरणे सारखे केले.

“गावाने सत्कार करून मला पाठवले आहे. विवर सर्वांआधी पाहीन, असे मी व्यासपीठावरून बोलून बसलो आहे. परंतु आपण इतक्या चटकन मान्य कराल, असे वाटले नव्हते.”

“तुम्हांला पाहताक्षणीच ठरवले होते.”

“माझी योग्यता पाहून?”

“तुमचा दम पाहून. पायऱ्या चढून आलात, आणि नमस्काराआधी खांबाला टेकलात.”

मार्तंडरावांनी खांबावरचा हात चटकन काढून घेतला.

“ज्याला सर्वांत लवकर धाप लागते, तो वाटाड्याच्या पाठीशी चालतो. इतरांनी त्याच्या चालीने चालायचे. मग कोणी मागे राहत नाही.”

मार्तंडरावांचा चेहरा लाल झाला.

“हा अपमान आहे! मला शेवटची जागा द्या.”

“ती सर्वांत धट्ट्याकट्ट्याची. थकलेल्यांची ओझी तो उचलतो.” बाबांनी कोपऱ्यातल्या पडशीकडे बोट दाखवले.

मार्तंडरावांनी पडशीला हात घातला. पडशी जागची हलली नाही. मार्तंडराव मात्र कमरेवर हात ठेवून वाकले, ते तसेच राहिले...

बाबांनी दोऱ्याला गाठ मारली.

“पहिलीच जागा बरी,” मार्तंडराव जमिनीकडे पाहत म्हणाले. “केवळ एक विनंती. ही जागा मला का मिळाली, ते इतरांना कळू नये.”

“प्रत्येकाने हीच विनंती केली आहे.”

“म्हणजे? ही जागा आणखी कोणी मागितली?”

“सर्वांनी.”

“आणि आपण ती कोणाला दिलीत?”

“सर्वांना.”

मार्तंडरावांनी वाकल्या वाकल्याच मान वर केली.

“अहो बाबा, इतके सगळे पहिले त्या एका वाटेने चढणार तरी कसे?”

“फार सावकाश.”