लांबची लेन्स

आमचं कराडला कॅमेऱ्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय मी सोडत नाही. पण एकदा माझाच चहा हातात गार झाला, तो प्रसंग सांगतो.

लग्नांचं शूटिंग करणारी शरयू खवरे गावातल्या एका लग्नासाठी माझ्याकडची सगळ्यात लांबची लेन्स निवडत होती. तेवढ्यात त्याच लग्नातल्या नवरीचे काका, कारखान्याचे संचालक रावसाहेब डुबल आत आले. त्यांच्यापुढं ‘पण’ म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती.

“काय गं, जंगलात वाघ टिपायला निघालीस का? मी स्टेजवर पुढंच असणार. छोटी लेन्स घे!”

“तुमच्यासाठी छोटीच घेतलीय, रावसाहेब. ही नवरीच्या आईसाठी. विधवा बाई पुढं नको, म्हणून वहिनींना तुम्ही शेवटच्या रांगेत बसवणार ना? अंतरपाट दूर होताना आईचा चेहरा दिसावा, एवढंच तुमच्या पुतणीनं माझ्याकडं मागितलंय.”

मी हादरलो. उचललेला चहा तसाच हातात राहिला.

“आणि ही लेन्स मी आणू दिली नाही तर?” रावसाहेब गुरगुरले.

“तर फारच बरं. वहिनींना जवळ आणायला मला एवढी मोठी लेन्स लागते. तुमचा तर एक शब्द पुरेल.”

आता हा माणूस काच फोडणार, या भीतीनं मी काउंटरला पोट टेकवून उभा राहिलो. रावसाहेब मात्र बराच वेळ त्या लेन्सकडं बघत राहिले. मग निघून गेले.

लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हा वहिनी लेकीच्या इतक्या जवळ उभ्या होत्या, की छोट्या लेन्समध्ये दोघींना सामावून घ्यायला शरयूलाच मागं सरकावं लागलं.