पिवळ्या बिल्ल्याची डोली

अहवाल चारशे बारा पानांचा होता की चारशे एकवीस, हे त्रिविक्रमशास्त्रींना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. राजा चंद्रभानाने तो न उघडताच परत ढकलला, एवढं मात्र पक्कं आठवतं.

करवंदगडच्या राज्यात तीन आरोग्यपेढ्या होत्या. वर्षाला वर्गणी भरायची, पेढीचा बिल्ला दंडाला बांधायचा. आजारी पडलं की औषधाचा आणि डोलीचा खर्च पेढीने द्यायचा. राजाच्या मनात आलं, सगळी प्रजा एकाच पेढीत घालावी. पण कोणत्या? ते ठरवायला शास्त्रीबुवा सात महिने गावोगाव हिंडून वर्गणी, दावे आणि सभासद मोजत होते.

“बोला, चांगली पेढी कोणती?” राजाने विचारलं.

“महाराज, वर्गणी पाहिली तर निळी सर्वांत स्वस्त. सभासदही तिचेच जास्त. पण लाल पेढी शंभरातले अठ्ठ्याण्णव दावे मंजूर करते. अर्थात एका दृष्टीने...”

“एक नाव सांगा!”

“...आणि दुसऱ्या दृष्टीने...”

“बस्स! गुरुवारी उत्तर हवं. कागद वाचायचा नाही, माझ्या डोळ्यांना दिसलं पाहिजे! नाही दिसलं तर पगडी उतरवा आणि मुदपाकखान्यात तांदूळ निवडायला बसा!”

तांदळाचं शास्त्रीबुवांना एवढं काही वाटलं नाही. तिथेही खडा कशाला म्हणावं यावर आपण दोन्ही बाजू मांडत बसू आणि दरबार उपाशी राहील, हे ते जाणून होते. खरी भीती वेगळीच होती. चुकीचं नाव तोंडून गेलं, तर राज्यातला प्रत्येक आजारी माणूस आपल्यापायी अंथरुणात तळमळत पडणार!

घरी येऊन ते ओट्यावर डोकं धरून बसले. भोयाची लेक राही त्यांच्याकडे पाणी भरायला यायची.

“शास्त्रीबाबा, रांजण भरला. तुमचा चेहरा का असा रिता?”

शास्त्रीबुवांनी सगळं सांगितलं. राही खळखळून हसली.

“एवढंच? हे तर आमचा बा झोपेतही सांगेल!”

“मग चल, त्यालाच विचारू!”

“विचारल्यावर नाही सांगायचा. पेढीवाल्यांशी त्याला रोज काम. तुम्ही असं करा, आजारी पडा. तीनदा!”

त्याचं असं होतं. वैद्यराजांचं घर दोन कोसांवर, टेकडीच्या माथ्यावर. भोई आजाऱ्याला आधी वर पोचवत, भाडं पेढी मागाहून देई. पेढीने दावा फेटाळला की चार भोयांचा घाम फुकट! त्यामुळे भोई आधी दंडावरचा बिल्ला बघत.

शास्त्रीबुवांनी राजाला निरोप धाडला आणि सोमवारी सकाळी राजा नि राही वेशीजवळच्या एका माडीवर, पडद्याआड बसले. खाली राहीच्या बापाच्या डोलीच्या अड्ड्याशी शास्त्रीबुवा तोंडावरून घोंगडी घेऊन कण्हू लागले. दंडाला निळा बिल्ला. सात महिन्यांच्या अभ्यासाअंती त्यांनी स्वतःसाठी निवडलेला!

“कुठला बिल्ला रे?”

“निळा.”

“आई गं, माझा गुडघा धरला!”

“माझ्या पाठीत उसण!”

बघता बघता चारही भोई आजाऱ्यापेक्षा आजारी झाले.

मंगळवारी घोंगडी बदलली आणि राहीने तालमीतल्या एका गड्याचा लाल बिल्ला मागून आणला. भोई वाकले, नि खदखदून हसले. “आजोबा, लाल पेढी पैलवानांखेरीज कुणाला आत घेत नाही! हा कुणाचा ढापलात?”

उरली पिवळी. वर्गणी सर्वांत महाग, सभासद सर्वांत थोडे. अहवालात तिची बोळवण शास्त्रीबुवांनी शेवटच्या पानावरच्या तळटीपेत केली होती. बुधवारी तो बिल्ला बांधून ते आडवे झाले. पहिलं कण्हणं पुरं व्हायच्या आत डोली उचलली गेली!

“अहो, थांबा! मी बरा आहे!”

“तापात बरळतोय! पळा रे, पळा!”

राजाने पडदा सारला तोवर डोली वेशीपार! टेकडीवर वैद्यराजांनी नाडी धरली. भीतीने ती अशी उडत होती की त्यांनी वाटीभर कडू काढा पाजला. या निदानाला दुसरीही बाजू आहे, असं शास्त्रीबुवा सांगू लागले, तेव्हा दुसरी वाटी पाजली.

गुरुवारी दरबारात तोंडाची चव गेलेले शास्त्रीबुवा वेलदोडा चघळत उभे होते. राजा म्हणाला, “राही, डोळ्यांना दिसलं खरं. पण मग ही पेढी एवढी महाग का?”

“महाराज, निळी स्वस्त, कारण तिची डोली टेकडी चढतच नाही. लाल पेढी घेते पैलवान. ते वर्षातून एकदा शिंकणार, तो दावा मंजूर करायला काय जातं? खरे आजारी सगळे पिवळीच्या दारात. महागेल नाही तर काय? ठणठणीत माणसंही तिच्यात घाला, मग बघा वर्गणी उतरते की नाही!”

राजा पोट धरधरून हसला. “शास्त्रीबुवांची चारशे पानं एका डोलीत बसवलीस की गं!”

पिवळी पेढी ठरली. राहीला पेढीची तपासनीस नेमून राजाने तिला स्वतःच्या हातातलं कडं दिलं. शास्त्रीबुवांची पगडी वाचली. ते राहीचे लेखनिक झाले. अट एकच: कोणत्याही गोष्टीवर एका पानाहून जास्त लिहायचं नाही!

तरी एक शंका त्यांना कुरतडत राहिली. राहीने बापाला आधीच सांगून ठेवलं असेल तर? अकरा वर्षांनी एकदाचा धीर करून त्यांनी म्हाताऱ्या भोयाला विचारलं.

“परीक्षा? कसली परीक्षा?” भोयाला काही उमगेना, तेव्हा शास्त्रीबुवांनी घोंगडीची सारी हकीकत सांगितली. मग भोयाने कपाळावर हात मारला. “म्हणजे ते तुम्ही होता होय! तरीच! तापाचा माणूस देवाचं नाव घेतो. हा बाबा मात्र माथ्यावर पोचेपर्यंत ‘शंभरातले अठ्ठ्याण्णव, शंभरातले अठ्ठ्याण्णव’ करत होता!”