जोडीचा फुगा

एकदा एका साध्या मंगळवारी, बसच्या पोटाखाली उताणा पडून नट सोडवत असताना, एका शिष्याला त्याचे वडील गेल्याची बातमी आली. हात ग्रीसने माखलेले होते, म्हणून त्याच्या म्हाताऱ्या वस्तादांनी वाकून फोन त्याच्या कानाला लावला होता. बातमी त्यांनाही ऐकू आली. ते म्हणाले, "पाना ठेव खाली." शिष्याने आधी तो नट पुरता सोडवला, मग पाना ठेवला, हात पुसले आणि गावाकडे निघाला.

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं होतं. शिष्याचं नाव श्रीपती. वय बेचाळीस, आणि त्यातली वीस वर्षं याच गॅरेजात गेलेली. वस्तादांच्या मते तो आता जॅक बरा लावत होता. बाकीचं हळूहळू येईल.

वडिलांच्या बाबतीत मात्र श्रीपतीने कुठेही उणं ठेवलं नव्हतं. दहावं, तेरावं यथासांग झालं. फोटो इतका मोठा केला, की तो घरात नेताना दाराची झडप काढावी लागली. आणि आता गावच्या फाट्यावर वडिलांच्या स्मरणार्थ बसथांब्याची शेड उभी राहिली होती. उद्या सकाळी वर्षश्राद्ध, आणि लगोलग शेडचं उद्घाटन. शहरातले चाळीस पाहुणे गावी न्यायचे, तर त्यासाठी ओळखीच्या एका बसमालक शेठची जुनी बस ठरली होती. नेमकी तीच बस आज सकाळी गॅरेजच्या दारात आली, ती पुढून डावीकडे कललेली; पिंक टाकायला वाकलेल्या माणसासारखी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. अशा बसला स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी हवेने भरलेले जाड रबरी फुगे असतात. पुढच्या चाकांवर एक डावीकडे, एक उजवीकडे. गाडीचं ओझं ते हवेवर झेलतात. त्यातला डावा फुटला होता.

"भर चौकात फुटला, वस्ताद!" शेठ उतरता उतरता सांगू लागले. "असा आवाज झाला, की भाजीवाल्या मावशी पाटीसकट खाली बसल्या. पोलीस पळत आला, तो आधी मलाच धरून उभा राहिला."

"तुम्हीच फुटला वाटलं असेल," वस्ताद म्हणाले.

शेठनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी फाटक्या फुग्याचा फोटो काढून बसमालकांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि चौदा जणांनी त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. ते त्यांनी कौतुकाने दाखवलं. नवा फुगा त्यांनी बरोबरच आणला होता.

"एकच?" वस्तादांनी विचारलं.

"एकच फुटलाय की!"

वस्ताद वळले. श्रीपतीला म्हणाले, "दोन्ही बाजूंनी उचल."

काम सुरू झालं. बस उचलून खाली लाकडी ठोकळे दिले, फुग्यांना हवा पुरवणाऱ्या टाकीतली हवा सोडली. मधूनमधून श्रीपतीचा फोन वाजत होता, कारण वडिलांचा फोटो असलेला उद्याचा फ्लेक्स अजून छापून व्हायचा होता.

"सूट?" श्रीपती बसखालून ओरडला. "अहो, सूट कशाला घातला? आमच्या बाबांनी लग्नात शर्टसुद्धा उसना घेतला होता... नको, टायही नको. आणि मिशी पांढरीच ठेवा. काळी केलीत तर माझेच भाऊबंद विचारतील, हा कोण पाहुणा!"

मग आणखी एक फोन आला. तो गावाहून होता. आई गावी एकटीच राहत होती.

"हां आई... नाही, आता नको, ठेव. बाबांचंच काम चाललंय."

दिवसभरात तिचे असे तीन फोन आले. तिन्ही वेळा बाबांचंच काम चाललं होतं.

दुपार कलली तेव्हा डावीकडचा नवा फुगा बसला. शेठनी नारळ फोडला, कारण कुठलाही नवा भाग बसला की नारळ फोडायचा हा त्यांचा रिवाज होता. त्यांच्या बसला आजवर जितके नारळ झाले होते, तितके गावातल्या मारुतीलाही झाले नसतील. श्रीपतीने सुटकेचा श्वास सोडला. आता हवा भरायची, साबणाचं पाणी मारून गळती बघायची, की झालं.

तो पाणी कालवायला गेला. परत येऊन पाहतो तर वस्तादांनी उजवीकडचा फुगा काढून मांडीवर घेतला होता. आणि श्रीपतीच्या देखत त्यांनी सुरी उचलली व तो धडधाकट फुगा आडवा चिरला.

शेठच्या हातातलं खोबरं हातातच राहिलं. "काय केलासा हे, वस्ताद! चांगल्याला सुरी लावलासा?"

"वस्ताद," श्रीपतीने कालवलेलं पाणी खाली ठेवलं. "उद्या सात वाजता चाळीस माणसं... बाबांचं वर्षश्राद्ध आहे हो. फुटला होता तो डावा. ह्यानं काय केलं होतं?"

"काहीच केलं नव्हतं," वस्ताद म्हणाले. "हात घाल आत. घडीत बघ."

श्रीपतीने बोटं घातली. बाहेरून तुकतुकीत दिसणाऱ्या त्या रबराच्या आतल्या घडीत सगळीकडे चिरा पडल्या होत्या. आतलं सूत उघडं पडलं होतं. बोटाने दाबलं तर एके ठिकाणी बोट जवळजवळ आरपार गेलं.

"दोघं एकाच दिवशी बसवलेले," वस्ताद सावकाश बोलू लागले. "त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यांतून आलेले. डावा कमी पडू लागला, तेव्हापासून त्याच्या वाटचं ओझं कोण उचलत होतं? हाच. डावा फुटला तेव्हा आवाज झाला, म्हणून सगळे धावले. फोटो निघाला, श्रद्धांजली वाहिली, नारळ फुटला. ह्यानं आवाज केला नाही, म्हणून हा चांगला. अरे, जो गेला त्याचं आता आपल्या हातून काय व्हायचं राहिलंय? एक गेला की आधी जोडीच्याकडे बघायचं असतं."

"मग तसं सांगायचं. कापायचा कशाला?"

"कापला नसता तर तू परत बसवला असतास. घाईत आहेस तू."

शेठ कुरकुरत दुसरा फुगा आणायला मोटरसायकलवर निघाले. जाताना म्हणाले, "ग्रुपवर ह्याचाही फोटो टाकू काय?"

"टाका," वस्ताद म्हणाले. "खाली लिहा, कुणी विचारलं नाही."

दिवस मावळायच्या आत शेठ परतले. दुसरा फुगा बसला, हवा भरली, आणि बस दोन्ही बाजूंनी सारखी वर उचलली गेली. साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा आला नाही. उद्याची काळजी मिटली. वस्तादांनी हत्यारं मोजून पेटीत ठेवली आणि ते हात धुवायला गेले.

श्रीपती तो चिरलेला फुगा घेऊन पायरीवर बसला. फ्लेक्सवाल्याचा फोन वाजून बंद झाला, तरी तो उठला नाही.

आईला काचबिंदू होता. सकाळ-संध्याकाळ तिच्या डोळ्यांत थेंब घालावे लागत. तिला स्वतःला ते जमत नसे. थेंब गालावरून ओघळून जायचा. म्हणून वडील तिला पलंगावर निजवत, एका हाताने पापणी धरत आणि थेंब घालत. अकरा वर्षांत त्यांनी एकही वेळ चुकवली नव्हती.

ते आता कोण घालतं, हे वर्षभरात श्रीपतीने विचारलं नव्हतं.